धरणारा

रॉड छातीवर टेकला, विक्रमनं तो वर रेटला आणि चार बोटं उठून तो तिथंच थांबला. वर जाईना. ऐंशी किलो. मागच्या महिन्यात हेच वजन त्यानं सलग दोनदा काढलं होतं, म्हणून आज तिसऱ्यांदा काढायला गेला होता. दंड थरथरायला लागले, कानांत रक्ताचा आवाज भरला, छताची एक ट्यूब दोन झाली. डोक्याशी कुमार उभा होता. बाकावर उताण्या पडलेल्या माणसाच्या डोक्याशी कुणीतरी उभं राहायचं आणि वजन अडलं की धरायचं, ही जिममधली साधी रीत. कुमारचे दोन्ही हात रॉडखाली होते, बोटं वळवलेली, लोखंडापासून इंचभर अंतरावर. विक्रमला ती बोटं उलटी दिसत होती. नखं नीट कापलेली. ती आता लोखंडाला लागणार, असं त्याला वाटलं. लागली नाहीत. त्याच्या घशातून एक आवाज निघाला, दाव्याला अडकलेल्या बकऱ्यासारखा, त्याचा त्यालाच ओळखू न आलेला. आणि रॉड पुन्हा छातीवर बसला. आतली सगळी हवा निघून गेली. तेव्हा कुठं कुमारनं रॉड धरला, अलगद उचलला आणि हुकांत ठेवून दिला.

“मला वाटलं तुम्ही काढताय, अण्णा,” तो म्हणाला. “जरासंच तर ऱ्हायलं होतं.”

आणि हसला.

विक्रम उठून बसला. “व्हय, निघालंच असतं,” असं काहीतरी पुटपुटला. पाण्याची बाटली तोंडाला लावली. आरशात त्याच्या बनियनवर रॉडचा आडवा मळकट पट्टा उमटलेला दिसत होता आणि त्याच्या मागं कुमार, पुढच्या माणसाशी कानडीत बोलत, रॉडवर आपल्या प्लेटा चढवत होता. शंभर किलो. तो कोरा करकरीत पोरगा, अठ्ठावीसचा, निपाणीच्या तंबाखूवाल्या जैनाचा. अंडं खात नाही, कांदा खात नाही, दिवस मावळला की पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही, आणि शंभर किलो तीन वेळा काढतो. औषधांच्या एका कंपनीची बॅग घेऊन बेळगावातल्या दवाखान्यांतून हिंडतो आणि शनिवारी निपाणीला आईकडं जातो. एवढंच विक्रमला त्याच्याविषयी ठाऊक होतं. कालपर्यंत तेवढ्याविषयीही त्याला काही वाटत नव्हतं.

एक सेकंद. फार तर दीड. खाली उतरताना तो मोजत होता. जिम आण्णाप्पाची, टायरच्या दुकानाच्या माडीवर; जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. विक्रम मध्येच थांबला, भिंतीला टेकला, मनातल्या मनात पुन्हा बाकावर आडवा झाला. रॉड अडला, इथपासून मोजायचं. आवाज निघाला, इथपर्यंत. एक. हात तिथंच होते. म्हणजे तो बेसावध नव्हता. बघत होता. बघून थांबला होता. कारखान्यात विक्रमचं काम हेच. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो ओतीव माल तपासायचा. पंपाचं कवच हातात घ्यायचं, भिंतीची जाडी मोजायची, अर्ध्या मिलिमीटरनं कमी भरली तर लाल खडूनं फुली मारून बाजूला टाकायचं. ओतणारी माणसं कुरकुरायची, “साहेब, येवढ्यानं काय होतंय?” तो म्हणायचा, “येवढ्यानंच होतंय.” त्या दिवशी त्यानं अकरा कवचं नाकारली. बारावं हातात घेतलं तेव्हा लक्षात आलं की आपण माप न बघताच खडू उचललाय.

घरी बायकोनं, पूर्णिमानं, छातीवरचा पट्टा पाहिला. ती शाळेतून येऊन मुलांच्या वह्यांचा गठ्ठा उघडून बसली होती. तो शर्ट काढताना तिनं मान वर केली.

“हे काय झालं?”

“कुठं काय. रॉड घासला.”

“रॉड घासला म्हणजे अंगावर पडला काय?”

“पडला न्हाय म्हणतोय न्हवं.”

तिनं लाल पेन खाली ठेवलं. “एकोणचाळिशी आली तुमची. कुणाला दाखवायचंय हे उचलून?”

त्यानं शर्ट खुंटीला अडकवला. मोरीत जाऊन दार लावलं, अंगावर गार पाणी घेतलं आणि पाण्याखाली उभ्या उभ्या तिचाही राग धरला. कुणाला दाखवायचंय. पाच वर्षांत तिनं हा प्रश्न दहादा विचारला असेल आणि त्यानं दहाही वेळा तेच सांगितलं होतं. घराण्यात साखर आहे, डॉक्टर व्यायाम करा म्हणालेत. पूर्णिमाला खरं सांगण्यासारखं काही नव्हतंच. काय सांगणार? की वडिलांच्या, आप्पांच्या, शेवटच्या दिवसांत तो नंदगडजवळच्या त्यांच्या गावी चार दिवसांची रजा टाकून गेला होता. थोरला भाऊ परशराम गाद्यावर, शेतात, गेला होता, भाताची मळणी चालू होती. घरात आप्पा आणि विक्रम. आप्पांना परसाकडं जायचं होतं. वाळून गेलेलं अंग, पंचेचाळीस-पन्नास किलोचं. एके काळी याच माणसानं जत्रेत पैजेचा दगड उचललेला सगळ्या गावानं पाहिला होता. विक्रमनं त्यांच्या काखेत हात घातले आणि उचललं. ते उठले, अर्धे उठले, आणि त्याच्या हातांतून खाली निसटले. दुसऱ्यांदा निसटले. तिसऱ्यांदा ते खाटेखाली जमिनीवरच बसले, आणि धोतराखालून पाणी वाहत कोब्यावर पसरलं. आप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे रं. तुला न्हाय जमायचं. परशाला बोलीव.” परशराम चिखलाच्या पायांनी आला, एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागं घातला आणि वासरू उचलावं तसं उचलून घेऊन गेला. जाताना विक्रमला म्हणाला, “तू पाणी तापीव.” महिन्याच्या आत आप्पा गेले. तेरावं उरकून बेळगावला परत आल्यावर पंधरा दिवसांनी विक्रम आण्णाप्पाचा जिना चढला. त्या वेळी त्याला रिकामा रॉडही छातीवरून नीट काढता येत नव्हता.

परशरामचा राग धरायची सोयच नव्हती. तो भला माणूस. फोन करून म्हणायचा, “येऊन जा की रं, तांदूळ नेऊन जा.” पण तोच परशराम सतरा वर्षांचा असताना तालमीच्या हौद्यात बारा वर्षांच्या विक्रमला पालथा घालून मानेवर गुडघा देऊन बसायचा. तांबड्या मातीत तोंड; नाकात हळद, तेल आणि मातीचा वास; श्वास आत गेला की माती आत जायची. कठड्यावर बसलेले आप्पा हसायचे. “दाब, दाब. हरलो म्हणंस्तवर दाब.” विक्रम म्हणायचा नाही. म्हणायचं नाही, एवढं एकच बळ त्याच्याकडं होतं. मग कुणीतरी तिसरा माणूस येऊन परशाला ओढून काढायचा. आता सत्तावीस वर्षांनी, टायरच्या दुकानाच्या माडीवर, ऐंशी किलोखाली त्याच्या घशातून जो आवाज निघाला त्यात ते न म्हटलेलं सगळं होतं, आणि ते कुमारनं ऐकलं होतं. ऐकायला म्हणूनच तो थांबला होता. मोरीत पाणी संपून नळ नुसता फुरफुरत होता तेव्हा विक्रमला या गोष्टीची पुरती खात्री झाली.

त्यानंतरचे दीड-दोन महिने तो कुमारशी फार चांगला वागला. सकाळी सहाला गेल्या गेल्या “काय कुमार, आज काय, छाती?” म्हणून विचारायचा. त्याच्या प्लेटा उतरवू लागायचा. आणि दर सोमवारी, गुरुवारी त्याच्या डोक्याशी उभा राहायचा. “मी धरतो की,” म्हणायचा. कुमारला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो बाकावर आडवा व्हायचा, डोळे मिटून एकदा नमोकार मंत्र म्हणायचा, डोळे उघडायचा आणि रॉड हुकांतून काढायचा. उलटा दिसणारा त्याचा चेहरा. कपाळाच्या जागी हनुवटी, हनुवटीवर बारीक कापलेली दाढी, आणि घाटीशी गळ्याची धडधडणारी शीर. त्या शिरेच्या वर वीतभर अंतरावर लोखंड वर-खाली होत असायचं. विक्रमचे हात त्याखाली असायचे. हात तिथं ठेवायचे आणि काही करायचं नाही, यात केवढी सत्ता असते हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. स्वतःचं वजन उचलताना असं कधी वाटलं नव्हतं. उलट स्वतःचं वजन घसरत चाललं होतं. ऐंशीवरून पंचाहत्तर, पंचाहत्तरावरून सत्तर. सकाळी सहा अंडी, दुपारी काट्यावर तोलून घेतलेलं चिकन, झोपताना दह्याचा वाडगा. सगळं पोटात जाऊन दुसरंच काहीतरी होत होतं. रात्रीचं जेवण झाल्यावर तो दात आवळून बसायचा आणि पूर्णिमा म्हणायची, “अहो, जबडा सोडा तो. आवाज येतोय.”

कुमार मात्र वाढत होता. शंभर, एकशे पाच, एकशे आठ. त्याचं अंग बघून विक्रमला माणसाचं अंग आठवायचं नाही, नीट ओतलेला, कुठंही पोकळी न राहिलेला माल आठवायचा. आणि त्याची ती वागण्यातली मऊ तऱ्हा. “अण्णा, तुम्ही खांदे मागं घ्या जरा, कोपरं लई उघडताय.” शिकवायचा. आपल्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या माणसाला शिकवायचा आणि त्यात मोठेपणाचा लवलेशही नसायचा, हे जास्त लागायचं. एकदा त्यानं निपाणीहून आईनं केलेल्या चकल्यांचा डबा आणला. “आईनं तुमच्यासाठी दिलाय. मी सांगितलंय तिला, विक्रम अण्णा धरतात मला.” विक्रमनं डबा घेतला, कारखान्यात नेला आणि ओतणाऱ्या माणसांत वाटून टाकला. एकही चकली स्वतः खाल्ली नाही. डबा धुऊन परत देताना “लई झकास” म्हणाला.

आण्णाप्पाचं लक्ष असायचं. साठीचा माणूस, एके काळचा स्पर्धा गाजवलेला. आता छाती उतरून पोटावर आली होती, पण खुर्चीतून न उठता त्याला सगळं दिसायचं. एक दिवस विक्रमला जवळ बोलावून म्हणाला, “धरणाऱ्यानं रॉडकडं बघायचं असतंय. तू त्याच्या तोंडाकडं काय बघतोस?”

“तोंडावरनं कळतंय की, कवा अडतंय ते.”

“तोंडावरनं काय कळत न्हाय,” आण्णाप्पा म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं.

तो गुरुवार होता. बाहेर पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, नुसतं कोंदटलेलं होतं. खालच्या दुकानातला रबराचा वास जिन्यानं वर येऊन आरशांवर बसल्यासारखा झाला होता. जिममध्ये पाच-सहा जण. कुमारनं रॉडवर एकशे पंधरा लावले. एकदाच काढायचं, नुसतं बघायचं निघतंय का, म्हणाला. प्लेटा घसरू नयेत म्हणून रॉडच्या टोकांना लावायच्या क्लिपा दुसरीकडं कुणीतरी वापरत होतं; “ऱ्हाऊ दे, एकदाच तर,” म्हणून त्यानं त्या आणल्या नाहीत. विक्रमही उठला नाही आणायला. त्याच्या पोटात पहाटेपासून एक थंडगार, नेमकी जागा तयार झाली होती. कुमार आडवा झाला. डोळे मिटले, उघडले. “हं, अण्णा.” रॉड हुकांतून निघाला, हळूहळू खाली आला, छातीला टेकला, उठला, तीन बोटं, चार, पाच, आणि अडला.

विक्रमचे हात खाली होते, बोटं वळवलेली, इंचभर अंतरावर.

एक. कुमारचे दंड थरथरायला लागले. गळ्याची शीर टरारून वर आली. हे तर व्हायलाच हवं होतं, आणि विक्रमला आत खूप स्वच्छ, मोकळं वाटलं, ताप उतरताना वाटतं तसं. दोन. कुमारनं डोळे रॉडवरून काढले आणि वर, सरळ त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो काही म्हणाला नाही. ‘धरा’ म्हणाला नाही. म्हण, विक्रम मनात म्हणत होता, म्हण की. एकदा म्हण, की संपलं. उजवा हात कोपरातून वाकायला लागला होता. तीन. आता बास, असं ठरवून विक्रमनं रॉड मुठीत पकडला आणि वर ओढला.

रॉड आला नाही.

हे त्यानं हिशेबात धरलंच नव्हतं. दोन महिने त्यानं कधी धरायचं याचाच विचार केला होता. धरल्यावर उचलता येईल का, हा प्रश्न एकदाही मनात आला नव्हता. कुमारच्या हातांत होतं तोवर ते वजन दोघांचं होतं. कुमारचे हात गेले आणि ते सगळंच्या सगळं त्याच्या बोटांवर, कमरेवर आलं. त्यानं ओढलं, खरंच ओढलं, कमरेतून कळ टाचेपर्यंत गेली. “आण्णाप्पा!” तो ओरडला. डावी बाजू उचलली गेली, उजवी खाली गेली, आणि उजवीकडच्या प्लेटा एकामागून एक घसरून फरशीवर आदळल्या. मग डावीकडचं सगळं वजन एकदम खाली गेलं. रॉड कुमारच्या छातीवरून आडवा फिरला, त्याचा डावा हात लोखंड आणि बाकाच्या मध्ये सापडला, आणि एक आवाज झाला. ओलं लाकूड मोडावं तसा, मोठा नाही. कुमार ओरडला नाही. त्यानं तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.

माणसं धावली. कुणी रॉड काढला, कुणी पाणी आणलं, कुणी पाणी देऊ नका म्हणालं. आण्णाप्पा पहिल्यांदाच खुर्चीतून धावत आला. त्या अरुंद जिन्यावरून कुमारला चौघांनी मिळून, त्याच्या पाठीखाली बाकाची फळी घालून उतरवलं. विक्रम पाचवा. त्याच्या हातांत कुमारचे बूट होते. खाली रिक्षात त्याला घातल्यावर आण्णाप्पानं विक्रमच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “हा होता म्हणून. ह्यानं वढला नसता तर सरळ गळ्यावर गेला असता.” सगळ्यांनी माना हलवल्या. विक्रमनंही हलवली.

डावं मनगट मोडलं, तीन बरगड्यांना चिरा गेल्या. चार दिवस बेळगावच्या दवाखान्यात काढून कुमारला निपाणीला नेलं. विक्रम दवाखान्यात गेला नाही. कारखान्यात तपासणीला बाहेरची माणसं आलीत, असं त्यानं सांगितलं, आणि ते खोटं होतं. जिमला जात राहिला. तिथं त्याचं वजन वाढलं होतं, लोकांतलं. पोरं त्याच्याशी हात मिळवायची. “अण्णा, आज मला धरताय काय?” तो नको म्हणायचा, कंबर दुखतेय म्हणायचा, कंबर खरोखरच दुखत होती. तीन आकडे त्याच्या डोक्यातून जात नव्हते. खडू हातात घेतला की एक. गाडीला किक मारली की दोन. जेवताना पूर्णिमा काहीतरी बोलत असायची आणि तिच्या ओठांच्या हालचालीवर तो मोजत असायचा. कुणाला काहीच कळलेलं नव्हतं. मग आपल्याला जे वाटतंय ते काय आहे? पश्चात्ताप म्हणावा तर तसं नव्हतं. कुमारचा राग अजून होताच, आता जरा जास्तच. आपल्या हातून हे करवून घेतल्याचा राग. तिसऱ्या रविवारी पूर्णिमाच म्हणाली, “तुम्ही जीव वाचवलेला माणूस, आणि बघायला सुद्धा गेला न्हाय. लोक काय म्हणतील?” तेव्हा त्यानं गाडी काढली.

संकेश्वर मागं पडलं, तवंदीचा घाट उतरला, आणि तो अजून काय बोलायचं ते जुळवत होता. ‘मी लवकर धरायला पाहिजे होतं.’ हे चालेल. यात सगळं आहे आणि काहीच नाही. निपाणीत घर शोधायला वेळ लागला नाही. खाली तंबाखूची वखार, वर राहतं घर. तंबाखूचा उग्र, गोडसर वास घशात जाऊन बसला. दार कुमारच्या आईनं उघडलं. तारामतीबाई, बुटकी, हडकुळी बाई, पांढरं लुगडं, हातात एकेकच बांगडी. नाव ऐकताच तिनं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

“तुम्हीच काय हो विक्रम? या, या की. रोज नाव घेतोय तुमचं. विक्रम अण्णानं वढला म्हणून मी हाय, म्हणतोय. लई उपकार झाले बघा.”

तिच्या तळव्यांची कातडी कागदासारखी होती. विक्रमला हात सोडवून घेता आला नाही.

“जेवूनच जायचं. दिवस मावळायच्या आत जेवतो आम्ही, आता पानं घेतेच. तुम्ही बसा त्याच्यापाशी.”

आतल्या खोलीत कुमार खाटेवर पडून होता. डावा हात प्लास्टरात, छातीला पट्टा. तीन आठवड्यांत अंग उतरलं होतं; दाढी वाढली होती, मान बारीक दिसत होती. खिडकीतून उतरतं ऊन त्याच्या पायांवर पडलेलं.

“बसा, अण्णा.”

विक्रम खुर्चीच्या कडेला टेकला. “कसं हाय?”

“शिंक आली की मरण.” तो हसायला गेला आणि मध्येच थांबला; हसणंही दुखत असावं.

“मी लवकर धरायला पाहिजे होतं,” विक्रम म्हणाला. वाटेत जुळवलेलं वाक्य तोंडातून निघाल्यावर खोलीत पडून राहिलं.

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. कुमारनं तो थांबेपर्यंत वाट पाहिली.

“तुम्ही मोजत होतासा,” तो हळू आवाजात म्हणाला. “ओठ हलत होते तुमचे. खालनं दिसतंय की सगळं. एक, दोन, तीन.”

विक्रमच्या कानशिलांत उष्ण काहीतरी चढलं. नाकारायला त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात लक्षात आलं की आता आपले ओठ हलतायत आणि तो त्यांच्याकडंच बघतोय. त्यानं तोंड मिटलं.

“मग आईला तसं का सांगितलंस?”

“काय सांगू तिला? बाबा गेल्यापास्नं तिला झोप न्हाय. एक माणूस मला मारायला उभा होता, असं सांगू? का, म्हणून विचारंल. मला तरी कुठं ठाऊक हाय?” त्यानं मान त्याच्याकडं वळवली. “का, अण्णा?”

तो रागानं विचारत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. विक्रमनं खाली पाहिलं. आणि मग, पावणेतीन महिने घशाशी धरून ठेवलेलं ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं, ते इतकं लहान निघालं की त्याचं त्यालाच ऐकवेना.

“त्या दिवशी मी ऐंशीखाली अडकलो. तू डोक्याशी होतास. तुझं हात रॉडखाली होतं. तू धरला न्हाईस. एक सेकंद थांबलास.”

कुमार आठवत राहिला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, गेल्या, पुन्हा पडल्या. तो मनापासून आठवत होता, हे विक्रमला दिसत होतं. त्यानं ढोंग केलं असतं तर ते पकडायला विक्रम टपूनच बसला होता.

“कवा?” कुमार म्हणाला. “कुठल्या दिवशी, अण्णा?”

विक्रमनं तारीख सांगितली. वार सांगितला. त्या दिवशी कुमारनं नंतर शंभर लावले होते, तेही सांगितलं. कुमारनं मान हलवली. “न्हाय आठवत. असंल. थांबलो असीन. तुमचं निघंल वाटलं असंल.” मग तो म्हणाला, “का मुद्दाम थांबलो असीन? तेबी आता सांगता येत न्हाय. मला म्हायतीच न्हाय ना.”

बाहेर वखारीत कुणीतरी तंबाखूचं बोद, भरलेलं मोठं गाठोडं, ओढत नेत होतं.  विक्रमला वाटलं, आता काहीतरी व्हायला हवं. ह्यानं शिवी द्यावी, थुंकावं, आईला हाक मारून खरं सांगावं. ते झालं असतं तर उठून जाता आलं असतं. कुमार नुसता छताकडं बघत होता, दमलेल्या माणसासारखा.

कुमारची आई ताट घेऊन आली. नाचण्याची भाकरी, वरण, मुगाची उसळ. ताट स्टुलावर ठेवलं आणि विक्रमकडं वळली. “बरं झालं तुम्ही हाईसा. ह्याला उठवून बसवायचं म्हणजे माझी कसरत. जरा काखंत हात घालून उचला बघू. तुमचं काय, उचलायची सवय.”

विक्रम उठला. खाटेपाशी गेला, वाकला. कुमारचे डोळे छतावरून खाली आले आणि त्याच्या तोंडावर थांबले; ओठांवर. त्याचं अंग आखडलेलं विक्रमला हात लावायच्या आधीच दिसलं. पट्ट्याखाली छाती वर गेली आणि खाली यायची राहिली.

“नको, आई,” कुमार म्हणाला. “तू धर.”

“अरं, ते हाईत की—”

“तू धर. तुझी सवय झालीया मला.”

“असला हट्टी बघा ह्यो,” असं म्हणत ती पुढं आली. विक्रम बाजूला झाला. म्हातारीनं एक गुडघा खाटेवर टेकला, आपला वाळका दंड त्याच्या मानेखालून पाठीमागं घातला, दुसरा हात कमरेला, आणि “हं, श्वास सोड” म्हणाली. त्यानं सोडला. त्याच क्षणी तिनं त्याला वर घेतलं, सत्तर-पंचाहत्तर किलोच्या त्या माणसाला, हळूहळू, एकदाही न थांबता. तिच्या कपाळावर घाम आला. कुमारनं डोळे मिटून घेतले होते आणि आपला सगळा भार तिच्यावर टाकला होता.

“तुम्ही तेवढी उशी धरा,” ती मागं न बघता विक्रमला म्हणाली.

त्यानं उशी धरली. तिनं सांगेपर्यंत धरून उभा राहिला.